आखूड पायांचे पिल्लू, लांबची जबाबदारी

जुळे सोलापुरातील एक गृहस्थ मागे एकदा सकाळी सकाळीच दवाखान्यात आले. बरोबर सात वर्षांची मुलगी होती. मुलीच्या उजव्या हाताच्या बोटावर दोन खोल दात उमटलेले, त्यावर हळद भरलेली. मी विचारले, "काय झालं?" तर म्हणाले, "विशेष काही नाही, डॉक्टरसाहेब. घरच्याच पिल्लानं खेळता खेळता चावलं. तीन दिवस झाले. हिची आजी म्हणाली, एकदा दाखवून या, म्हणून आलो."

'घरच्याच' हा शब्द त्यांनी ज्या खात्रीने उच्चारला, त्या खात्रीवरच आजचा हा लेख लिहायचा आहे. पण त्याआधी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. ते पिल्लू मला ठाऊक होते. पंधरा-एक दिवसांपूर्वी हेच गृहस्थ रक्तदाब तपासायला आले असताना त्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला होता. लांबट धड, आखूड पाय, कोल्ह्यासारखे तोंड. "कॉर्गी क्रॉस आहे. इंग्लंडच्या राणीकडं असायचं बघा, तसलं. शुद्ध जातीचं परवडत नाही, हे स्वस्तात मिळतंय. पोरीनं हट्ट धरलाय." मी हसून म्हणालो, "छान आहे हो!" आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. पिल्लू किती आठवड्यांचे, त्याची आई कुठे, लस झाली का, एवढे तीन प्रश्न विचारायला मला एक मिनिट पुरले असते. ते मी विचारले नाहीत.

मुलीची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, रेबीजची लस सुरू केली आणि जखमेतून रक्त आले असल्याने जखमेत द्यायचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही दिले. पिल्लाला बांधून ठेवा, दहा दिवस लक्ष ठेवा, असे बजावले. दुसऱ्याच दिवशी पिल्लाने खाणे सोडले, रक्ताची हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. घरच्यांनी रडत रडत शेतात नेऊन पुरले आणि मग मला कळवले. पशुवैद्य म्हणाले, लक्षणे पार्व्हो नावाच्या आजाराची दिसतात, पण आता खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. रेबीज होता की नाही हे मेंदूची तपासणी करूनच ठरते. ती संधी निघून गेली होती. विकणाऱ्याचा फोन बंद. त्याने दिलेल्या चिठ्ठीवर 'सर्व इंजेक्शने झाली' एवढीच एक ओळ. ना लसीचे नाव, ना तारीख, ना डॉक्टरची सही.

मुलीने लसीच्या सर्व मात्रा पूर्ण केल्या. ती ठणठणीत आहे. पण शेवटच्या मात्रेपर्यंत त्या घरात कोणी धड जेवले नाही. आजी रोज रात्री नातीला उठवून पाणी पाजून बघायची, घशाखाली उतरते ना म्हणून.

मुळात हा कॉर्गी कोण?

कॉर्गी हा ब्रिटनमधील वेल्स प्रांतातला गुराख्यांचा कुत्रा. गुरांच्या खुरांमागे पळायचे, त्यांच्या टाचेला चिमटा घ्यायचा आणि लाथ आली की खाली दबायचे, हे त्याचे काम. आखूड पाय त्या कामासाठीच उपयोगी. म्हणजे टाचेला तोंड लावणे हा त्याचा खोडकरपणा नव्हे, तो त्याचा पिढीजात धंदा आहे. पळणाऱ्या लहान मुलांच्या मागे तो तसाच लागतो. १९३३ साली इंग्लंडच्या राजघराण्यात पहिला कॉर्गी आला. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथला १९४४ मध्ये अठराव्या वाढदिवशी 'सूझन' नावाची कॉर्गी मिळाली आणि तिच्या वंशातील कुत्रे राणीने अनेक दशके पाळले. राणीकडे कॉर्गी आणि डॅशहुंड यांच्या संकरातले कुत्रेही होते. त्यामुळे 'संकरित कॉर्गी' ही काही आपल्याकडची नवी टूम नव्हे. पण राणीच्या वाड्यात हवा थंड, फिरायला मैदाने आणि दिमतीला माणसे होती. आपल्याकडे काय आहे? एप्रिल-मे महिन्यांतले सोलापूर आहे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय. कॉर्गीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते थंड आणि ओल्या मुलुखासाठी. पारा चाळीसच्या वर गेला, पत्र्याची खोली, त्यात वीज गेलेली, अशा वेळी हा कुत्रा काय करणार? कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताने काही तासांत जीव जाऊ शकतो. शिवाय त्याचे पोट जमिनीपासून वीतभर अंतरावर, म्हणजे तापलेल्या डांबराची धग थेट पोटाला. केस भादरून टाकले की गार वाटेल, असे अनेकांना वाटते. तेही बरोबर नाही, कारण तेच केस उन्हापासून कातडीचे रक्षणही करतात.

'क्रॉस आहे, म्हणजे काटक' हे खरे का?

विकणारे हमखास सांगतात की संकरित कुत्रा शुद्ध जातीपेक्षा काटक असतो. यात अर्धे सत्य आहे. ज्या दोषासाठी आई आणि बाप दोघांकडूनही तोच बिघाड यावा लागतो, तो दोष संकराने बऱ्याचदा टळतो. कॉर्गीत उतारवयात मागचे पाय हळूहळू लुळे पडण्याचा एक आजार आढळतो, तो या प्रकारातला. पण आखूड पायांचे तसे नाही. हे आखूड पाय एका विशिष्ट जनुकाच्या जादा प्रतीमुळे होतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. ही प्रत एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आली तरी पाय आखूड होतात. म्हणूनच क्रॉस पिल्लूही बुटके दिसते आणि म्हणूनच ते विकले जाते! याच जनुकाची आणखी एक जादा प्रत मणक्यांमधील चकत्या लवकर झिजवते, हे २०१७ मध्ये पुढे आले. कॉर्गी, डॅशहुंड अशा जातींत ती आढळते, आणि तीही एकाच बाजूने आली तरी पुरते. अशा कुत्र्याने पलंगावरून उडी मारली, जिने चढ-उतार केली, वजन वाढले, की एखाद्या दिवशी चकती सरकते आणि मागचे पाय एकदम जातात.

आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. जर्सी आणि होल्स्टिनच्या संकरित गाई आल्या, दूध वाढले; पण त्याबरोबर गोठ्यात पंखा आला, गोचीडतापाची औषधे आली. सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर जी खिलार जनावरे उन्हातान्हात राबतात, त्यांची बरोबरी त्या गाईंनी कधी केली नाही. संकर वाईट असे माझे म्हणणे नाही. संकरात काय मिळाले आणि काय गळ्यात पडले, हे दोन्ही मोजून घ्यावे, एवढेच म्हणणे आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ही आठ आठवड्यांची अट मायेपोटी घातलेली नाही. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू अशक्त राहते, आजारांना चटकन बळी पडते. शिवाय भावंडांशी खेळतानाच पिल्लू चावा किती जोरात घ्यावा, हे शिकत असते. ते न शिकलेले पिल्लू मग आपल्या मुलांच्या हातांवर शिकते. २०१६ पासून परदेशातून पैदाशीच्या व्यापारासाठी कुत्री आणण्यावरही बंदी आहे. तेव्हा रस्त्याच्या कडेला पिशवीतून काढून 'इंपोर्टेड लाईन' म्हणून कोणी पिल्लू दाखवले, तर तिथूनच मागे फिरावे.

घ्यायचेच असेल तर

मी कुत्रा पाळण्याच्या विरोधात मुळीच नाही. निवृत्त माणूस कुत्र्याच्या निमित्ताने रोज तासभर चालतो, एकट्या म्हातारीला बोलायला कोणी मिळते, मुलांना दुसऱ्या जिवाची काळजी घेणे कळते. यातले औषध माझ्या कपाटात नाही. परंतु पिल्लू घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात.

पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. फोटोवर भागवू नये. आई दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार करू नये. लसीची पुस्तिका मागावी. तिच्यात कुपीवरचे लेबल चिकटवलेले, तारीख घातलेली आणि पशुवैद्याची सही असली पाहिजे. पार्व्हो वगैरे आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची, पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची 'सर्व इंजेक्शने झाली' हे वाक्यच मुळात खोटे आहे. जंताचे औषध वेळेवर द्यावे, कारण पिल्लाच्या विष्ठेतील जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. आणि शेवटचे, उन्हाळ्यात दुपारी घरात कोण असते, याचा विचार करावा. कॉर्गी बारा-तेरा वर्षे जगतो. मुलीचा हट्ट दहाव्या दिवशी संपतो, कुत्रा बारा वर्षे राहतो.

आणि चावा झालाच, तर कुत्रा घरचा की दारचा, पिल्लू की मोठा, हे पाहत बसू नये. जखम ताबडतोब साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जुन्या लोकांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून बसलेली आहे. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडाच्या कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते, आणि सरकारी रुग्णालयात ती मिळते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ नाही; त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. इतके स्पष्ट गणित फार थोड्या आजारांत असते.

दाराबाहेरचे पिल्लू

आता माझे मत. आपल्या जिल्ह्याला कुत्र्याचे प्रेम कोणी राणीकडून शिकवायला नको. बाळ्याचा खंडोबा आपला, त्याच्याबरोबर कुत्रा आहे. अक्कलकोटच्या वाटेने जाणारे आपण दत्तभक्त, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. पंढरपूरच्या वाटेवर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. धनगरांच्या कळपामागे चालणारा कुत्रा आणि माळावर सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा कारवानी ही आपल्याच मातीची जनावरे. कारवानीचाच भाईबंद मुधोळ हाउंड २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकला. कारवानीला मात्र धावायला रान लागते. त्याला फ्लॅटमध्ये कोंडणे हा कॉर्गीला उन्हात ठेवण्यासारखाच गुन्हा आहे.

फ्लॅटसाठी, वाड्यासाठी, दोन खोल्यांच्या घरासाठी आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू पुरेसे आहे. त्याची आई तुम्हाला रोज दिसते. आखूड केसांचे, लांब पायांचे, या उन्हातच पिढ्यान् पिढ्या निवड होऊन टिकलेले. त्यालाही लस लागते, जंताचे औषध लागते, नसबंदी लागते. गावठी म्हणजे आजारमुक्त नव्हे. पण त्याच्या जन्मासाठी कोणत्याही कुत्रीला अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा वेत घ्यावे लागलेले नाही.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले होते. मुलगी कुत्र्याचे नाव काढत नाही म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या मागच्या बोळात एक कुत्री व्यायलीय, डॉक्टरसाहेब. चार पिल्लं आहेत. पोरगी खिडकीतून बघत असते."

या वेळी मी पुढच्या रुग्णाला बोलावले नाही. विचारले, "किती आठवड्यांची झाली?"