पोथी कोण वाचणार?

शनिवारी आमच्या इमारतीत सत्यनारायण होता. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी नुकतीच संस्कृत घेऊन बी.ए. झाली आहे आणि एम.ए.सुद्धा तिला संस्कृतातच करायचं आहे. प्रसादाच्या द्रोणांबरोबर ही बातमी हॉलभर फिरली आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न आलाच. तिनं तोंड उघडण्याआधी उत्तरं सुरू झाली. ‘बी.एड. करून टाक, शाळेत लागशील.’ ‘क्लास काढ गं, दहावीला पैकीच्या पैकी मिळवून देते म्हटलंस की रांग लागेल.’ एका काकांनी मोबाइल काढून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, की नासाचे शास्त्रज्ञ संस्कृतात संगणक चालवतात, म्हणजे हिला अमेरिकेतून बोलावणं येणार. मुलगी भिडस्त आहे, काही बोलली नाही. मी मात्र घरी येऊनही धुमसत राहिले.

नासाचा तो मजकूर मला वर्षानुवर्षं येतो आहे, तुम्हालाही येत असणार. त्याचं मूळ सांगते. १९८५ साली रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकानं ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. तो तेव्हा नासाच्या एम्स केंद्रात काम करत होता. वाक्याचा अर्थ उलगडताना आपले वैयाकरण कर्ता, कर्म, करण हे संबंध ज्या काटेकोरपणे मांडतात ती पद्धत संगणकाला अर्थ समजावून देण्याच्या पद्धतीशी जुळते, असं त्याचं म्हणणं होतं. विचार चांगला होता. त्यातून नासा संस्कृतात प्रोग्रॅम लिहिते असा निष्कर्ष निघत नाही आणि नासानं तसं काही केलेलंही नाही. मला याचा इतका त्रास होतो, कारण या खोट्या गोष्टीपायी खरी गोष्ट कुणी ऐकत नाही. हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात संधी सोडवणारी, वाक्याची फोड करणारी संगणकीय साधनं तयार झाली आहेत. पॅरिसमध्ये जेरार ह्युए या संगणकशास्त्रज्ञानं संस्कृताचं विश्लेषण करणारी प्रणाली उभी केली. या कामाला सिद्धांतकौमुदी हा व्याकरणाचा ग्रंथ खरोखर वाचलेला माणूस लागतो. ती कौमुदी एम.ए.ला असते.

आता ज्यांना चौकटीत बसणारं उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी एक परिच्छेद. एम.ए. झाल्यावर नेट किंवा सेट देऊन महाविद्यालयात शिकवता येतं. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी सुरुवातीला महिना ३७ हजार रुपयांची पाठ्यवृत्ती मिळते. बी.एड. केलं तर शाळा आहेच. आयुर्वेदाच्या बीएएमएसला पहिल्या वर्षी संस्कृत असतं, तिथे शिकवणारे लागतात. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला संस्कृत हा वैकल्पिक विषय घेता येतो. आकाशवाणीवर १९७४ पासून संस्कृत बातम्या आहेत. भाषांतर, ग्रंथसंपादन, कोशकार्य, हस्तलिखितांच्या सूची ही कामं आहेत. रामटेकला १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे, डेक्कन कॉलेज आहे, टिळक विद्यापीठ आहे.

हे सगळं खरं आहे आणि तरी पुरेसं खरं नाही. वाटा आहेत, जागा नाहीत. महाविद्यालयात संस्कृताचा एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते आणि तिच्यावर तासिका तत्त्वावर कुणीतरी शिकवत असतं. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. नेट, पीएच.डी. झालेली, न्यायाचे ग्रंथ पंक्ती लावून शिकवणारी माणसं मला माहीत आहेत, जी सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात तास घेतात. नव्या शैक्षणिक धोरणानं भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय आणला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. वाटलं, आता तरी या मुलांना बोलावतील. माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात तो विषय ज्यांचे तास कमी भरत होते त्यांच्याकडे गेला. संस्कृताची एम.ए. झालेली मुलगी त्याच आवारात तासिकेवर होती, तिला कुणी विचारलं नाही. ज्या भाषेच्या नावानं आपण सभागृहं दणाणून सोडतो, ती वाचणाऱ्याला पगार देताना आपला हात आखडतो. हा माझा खरा राग आहे. शनिवारी हॉलमध्ये बसलेल्या माणसांपैकी कुणीही संस्कृताचा द्वेष करणारं नव्हतं. सगळ्यांना ती पूज्य होती. तिच्यात काय काम असतं, हे कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणून मी या मुलीला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं आणि विष्णु सीताराम सुखटणकरांची गोष्ट सांगितली. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला जाऊन हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतात डॉक्टरेट केली. १९२५ साली त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं हाती घेतली. काम १९१९ मध्ये सुरू झालं होतं. देशभरातून शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधल्या पोथ्या जमवल्या गेल्या. पाठ जुळवणारी माणसं काय करत, तर मोठ्या कागदावर चौकटी आखत. वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत, आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे पोथी वेगळं बोलते तिथे त्याच अक्षराखाली तो फरक लिहायचा. असं श्लोकामागून श्लोक, पर्वामागून पर्व. हे काम पुण्यात चालायचं, तसंच शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही. एकूण १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. पहिला भाग १९२७ मध्ये छापला, आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं, सुखटणकर १९४३ मध्ये गेले, आणि शेवटचं पर्व १९६६ मध्ये हातावेगळं झालं. मध्ये बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य आले. मुख्य संपादकांची नावं आपल्याला ठाऊक असतात. त्या चौकटी भरणाऱ्या माणसांची नावं आपण विचारत नाही. ती बहुतेक संस्कृत शिकलेली, साध्या पगाराची, डोळे शाबूत असेतो काम करणारी माणसं होती.

या चौकटींतून काय निघालं? व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा मुख्य संहितेत राहिली नाही, ती मागे परिशिष्टात गेली. सूतपुत्राला वरणार नाही असं द्रौपदी स्वयंवरात म्हणते, तेही तळटिपेत गेलं, कारण महत्त्वाच्या पोथ्यांचा त्याला आधार नाही. कर्णावर आपल्याकडे किती नाटकं, किती कादंबऱ्या, किती वाद! त्या वादाचा पायाच किती पोथ्यांत आहे आणि किती पोथ्यांत नाही, हे कुणीतरी अक्षर न् अक्षर मोजून सांगितलं. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ याच आवृत्तीच्या आधारावर उभं आहे. मराठी वाचकानं गेली सहा दशकं महाभारताकडे डोळे उघडून पाहिलं, त्यामागे हे चौकटीतलं काम आहे. एम.ए.ला पाठचिकित्सा शिकवतात ती हीच विद्या.

मुलीनं विचारलं, ‘पण आता असं काय उरलंय?’

मी तिला डेक्कन कॉलेजातल्या कोशाबद्दल सांगितलं. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृताच्या ऐतिहासिक तत्त्वांवरच्या महाकोशाचा आराखडा हाती घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या. एकेका चिठ्ठीवर शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि संदर्भ. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्या काढायलाच पाव शतक लागलं. पहिला भाग १९७६ मध्ये आला, तीसहून अधिक खंड छापले गेले, आणि कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. वामन शिवराम आपटे यांचा कोश आपण सगळे वापरतो; फर्ग्युसनचे हे पहिले प्राचार्य १८९० मध्ये तो छापून झाल्यावर दोनच वर्षांत, ऐन तिशीत गेले. एका माणसाच्या आयुष्यात जेवढं मावतं तेवढं त्यांनी केलं. डेक्कन कॉलेजचं काम अनेक पिढ्यांचं आहे, आणि त्यातल्या एका तरी पिढीत या मुलीची जागा असायला हवी.

आणि पोथ्या. मुळात मी पोथ्यांवर लिहिणारच नव्हते, पण सध्या माझं मन त्यांच्यातच अडकलं आहे. मागे मोडी दप्तरांवर लिहिलं होतं तेव्हा कोकणातून आणि देशावरून पत्रं आली होती. त्यांत संस्कृत पोथ्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा होता. आजोबांची पोथी लाल कापडात बांधलेली आहे, काय आहे ते माहीत नाही. वाडा विकला तेव्हा पेटारा निघाला. एका बाईंनी लिहिलं होतं, की घरात ती वाचणारं कुणी उरलं नाही, अडगळीत टाकणं पाप वाटलं, म्हणून गुरुजींना विचारून नदीत विसर्जन केलं. ते पत्र मी ठेवून दिलं आहे. त्या बाईंना दोष देण्याची माझी तयारी नाही. त्यांनी आदरच केला. त्यांच्या जवळपास एक असं माणूस असायला हवं होतं, जे ती पोथी उघडून सांगेल की हे घराण्यातलं नित्याचं स्तोत्र आहे, किंवा हा वैद्यकाचा ग्रंथ आहे आणि याची दुसरी प्रत कुठे नोंदलेली दिसत नाही.

आपल्या मुंबई इलाख्यात हे काम सरकारनं १८६८ पासून करवलं होतं. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन गावोगाव पोथ्या शोधत फिरले. ब्यूलर तर काश्मीरला जाऊन भूर्जपत्रावरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या घेऊन आला. तो संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता, मग भांडारकर संस्थेत आला, आणि त्यातल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात स्थान मिळालं. पुण्यात आनंदाश्रमानं १८८८ पासून पोथ्या जमवल्या आणि छापल्या. वाईला प्राज्ञपाठशाळेनं धर्मकोशाचं काम अंगावर घेतलं, आणि तिथल्याच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी पुढे मराठी विश्वकोश उभा केला. मराठीला आधुनिक ज्ञानाचा कोश देणारा माणूस पाठशाळेत न्याय शिकलेला शास्त्री होता, हे मी त्या मुलीला दोनदा सांगितलं.

२०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मोहिमेची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करायचं आहे. यंत्र पानांची छायाचित्रं काढील. पण ते पान कुठल्या ग्रंथाचं आहे, मूळ कुठे संपतं आणि टीका कुठे सुरू होते, लेखनिकानं ओळ गाळली आहे की नाही, हे ठरवायला माणूसच लागणार आहे. जुने ग्रंथ वाचता आले की काय होतं, ते बघा. अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली दिलं गेलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं तेव्हा आपल्या सीएसआयआर या संशोधन संस्थेनं पुराव्यात जुने ग्रंथच पुढे केले होते. ते वाचता येत होते म्हणून पुरावा झाला. मोहिमेच्या खर्चात कॅमेऱ्यांइतकीच तरतूद वाचणाऱ्यांच्या पगाराची व्हावी, कायम पदं भरली जावीत, एवढी मागणी मी इथे स्पष्ट नोंदवते. मानधनावर सहा महिन्यांसाठी नेमलेल्या मुलांकडून हे काम होणार नाही. एक लिपी हाताखाली बसायलाच वर्ष जातं.

मुलीचं ठरलं आहे. एम.ए.च्या प्रवेशाचा अर्ज तिनं भरला. मी तिला शारदा आणि मोडी या दोन लिप्या, प्राकृत आणि जमलं तर जर्मन शिकायला सांगितलं आहे, कारण आपल्या ग्रंथांवरचं बरंचसं मोठं काम त्या भाषेत आहे. तिच्या वडिलांना काळजी आहे, ती रास्त आहे, आणि ती मी खोटा धीर देऊन घालवली नाही.

ज्यांच्या घरी पोथ्या आहेत त्यांना काही सांगायचं आहे. पोथीला लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. हळदकुंकू वाहायचं असेल तर वरच्या कापडावर वाहा, पानावर नको. पानांचा क्रम आहे तसाच राहू द्या, चुकलेला वाटला तरी. शेवटचं पान आधी बघा. तिथे बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि शक असतो, आणि ही पोथी तेलापाण्यापासून जपा अशी त्यानं वाचणाऱ्याला विनंती केलेली असते. त्या पानाचा आणि पहिल्या पानाचा फोटो काढून जवळच्या विद्यापीठाच्या संस्कृत विभागाला दाखवा. नदीवर नेण्याआधी एवढं नक्की करा.