विश्लेषण : बुडालेली ‘यामातो’ अंतराळात, निवृत्त ‘टी-८०’ कल्याणमध्ये… जुन्या युद्धनौका जपायच्या कशासाठी?

‘यामातो’चे काय झाले?
ओकिनावाकडे निघालेली ही महाकाय जपानी युद्धनौका ७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी बुडवली. सुमारे तीन हजार नौसैनिक मृत्युमुखी पडले. १९७४ च्या ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या ॲनिमे मालिकेत मात्र तीच नौका पृथ्वी वाचवण्यासाठी अंतराळात झेपावते.

कल्याणमध्ये काय घडले?
१६५७ मध्ये कल्याण जिंकल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडीलगतच्या खाडीत आरमाराचा पाया घातला. नौदल संग्रहालयासाठी निवृत्त ‘टी-८०’ २०२४ मध्ये याच काठावर आणण्यात आली.

धडा कोणता?
‘यामातो’ मालिकेवर युद्धाला झळाळी दिल्याची टीकाही झाली. कल्याणच्या संग्रहालयात नौकेसोबत ती बांधणारे, चालवणारे हातही दिसायला हवेत. नाहीतर उरेल तो फक्त सेल्फी पॉइंट.