बटणांचा फोन आणि संत्र्यांची बाग

वस्तू विकत घेण्यापूर्वी ती चार दिवस घरात नांदवून पाहावी, हे या सदराचे धोरण आमच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. दुकानातल्या दिव्यांखाली सगळीच पातेली चांदीची दिसतात. या दिवाळीला मात्र परीक्षेला घेतलेली वस्तू बाजारातून जवळजवळ नाहीशी झालेली आहे. तेव्हा ‘कुठे मिळेल?’ अशी पत्रे वाचकांनी कृपा करून धाडू नयेत.

वस्तू म्हणजे पोटातून टाइपरायटर बाहेर काढणारा मोबाईल फोन. वरचा पडदा अंगठ्याने ढकलावा, की खालून बटणांच्या ओळीच्या ओळी टेबलाच्या खणासारख्या सरकून येत. अशा साहेबी फोनांचा मूळ पुरुष १९९६ सालचा नोकिया ९००० कम्युनिकेटर. तो सरकत नसे, चष्म्याच्या डबीसारखा उघडे, आणि वजनाला जवळजवळ चारशे ग्रॅम भरे. खिशात ठेवला की सदरा एका अंगाने ओढलाच! पुढे २००७ साली त्याच घराण्यातला ई-९० आला, २००९ मध्ये बाजूने सरकणारा ई-७५ आणि २०११ मध्ये ई-७. धंदेवाइकांसाठी म्हणून हे फोन निघत. ई-मेल, हिशेबाचे तक्ते, नकाशा, कॅमेरा, सारा बारदाना एका मुठीत.

त्या जातीचा एक नग पाच दिवस माझ्या हाती होता, तो २०११ च्या दिवाळीनंतर, सोनाळ्याला. कोणत्या कंपनीचा, ते मुद्दाम सांगत नाही. सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. शेगावला गाडीतून उतरायचे आणि वरवट बकालवरून एस. टी. ने जायचे. तिथे आमच्या मेहुण्यांची संत्र्यांची बाग आहे. बाग झाडावर उभी असतानाच व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकायची, इसार घ्यायचा आणि मग भाव चढला तरी हात चोळीत बसायचे, ही तिकडची रीत. त्या वर्षी मेहुण्यांच्या मनाने घेतले की आपला माल आपणच विकायचा. त्यासाठी अकोल्याच्या एका दुकानदाराकडून त्यांनी तो फोन पाच दिवसांच्या बोलीवर आणला होता. त्याच्या किमतीत विहिरीवरची नवी मोटर बसली असती, आणि जुनी तर अखेरच्या घटका मोजीत होती. सहाव्या दिवशी व्यापारी इसार घेऊन दारात येणार होता.

“भाऊजी, तुमाले यातलं समजते,” मेहुणे म्हणाले, “घ्याचा का नाई, तेवढं सांगा.”

आता आधी गुण सांगतो. बटणे फारच सुरेख होती. बोटाला बटण कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळे, त्यामुळे न पाहताही लिहिता येई. आणि लिहिताना सगळा पडदा मोकळा राही, ही सोय काचेच्या फोनात आजही नाही. बागेत भर उन्हात, हाताला माती लागलेली असताना, मी मुंबईच्या एका मित्राला इंग्रजीत चांगले पानभर पत्र लिहिले आणि त्यात एकही चूक निघाली नाही. हिशेबाचा तक्ता उघडून त्यात आकडे भरणे हे तर प्रत्यक्ष सुख होते. बॅटरी मात्र काढता येण्याजोगी नव्हती. भारनियमनाच्या गावात ही गोष्ट मोठी. दुसरी बॅटरी चार्ज करून खिशात ठेवावी ही सोयच नाही. वीज गेली की साहेब झोपले!

तिसऱ्या दिवसापर्यंत माझे मत ‘घ्यावा’ असे होत आले होते. पण खरी परीक्षा घेतली ती वहिनींनी.

या घरचा हिशेब वहिनी ठेवतात. मजुरांची हजेरी, खताची उधारी, क्रेटची मोजदाद, सगळे त्यांच्या लाल वहीत, ठसठशीत मराठीत. बागेवरचा राखणदारही मराठी वाचणारा. मेहुणे बाजारात, वहिनी घरी आणि राखणदार बागेत, अशी तिघांची साखळी जुळली तरच स्वतः माल विकायची गोष्ट. मी त्या फोनवरून वहिनींच्या साध्या फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप धाडला, ‘उद्या सकाळी गाडी पाठवा.’ वहिनी अडखळत अक्षरे लावून बाहेर आल्या.

“भाऊजी, गादी कायले पाठवाची?”

‘दर कमी करू नका’ हा निरोप त्यांनी ‘दार कमी करू नका’ असा वाचला. मग त्यांनी आपल्या फोनवरून नागरीत उत्तर दिले, ते आमच्या साहेबी यंत्रात चौकटीच चौकटी होऊन उमटले. वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, “हे काय, खिडक्याच खिडक्या!”

वाचकहो, वहिनींचा तो फोन स्वस्तातला होता, पण त्याच्या आकड्यांच्या बटणांवर नागरी अक्षरे छापलेली होती! हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या कितीतरी कमी किमतीच्या फोनांवर ती असत. म्हणजे नागरी येत नव्हती असे नाही. ती बटणांवर बसविता येत नव्हती असेही नाही. गोदरेजने आपला पहिला टाइपरायटर १९५५ सालीच काढला होता आणि पुढे कचेऱ्यांतून मराठी टाइपरायटर वर्षानुवर्षे खडखडले. संगणकासाठी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी १९९१ च्या सरकारी मानकात आहे; डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, ‘क’च्याच बटणावर वर ‘ख’. तरी सोनाळ्यात आलेल्या त्या महागड्या फोनावर नागरीचा एक ठिपका नव्हता. धंदा करणारा इंग्रजीतच लिहितो आणि मराठीत लिहिणारा फार तर खुशाली कळवितो, असा कारखानदारांचा हिशेब असावा. मला तो हिशेब लाल वहीपुढे फार कच्चा वाटला.

मी मेहुण्यांना ‘परत करा’ म्हटले. त्यांचा चेहरा उतरला, पण पाचव्या दिवशी ते अकोल्याला गेले आणि नागरी बटणांचे दोन साधे फोन घेऊन आले, एक स्वतःला, एक राखणदाराला. उरलेल्या पैशांत मोटर बसली. व्यापाऱ्याला त्यांनी निम्मीच बाग दिली, निम्मी स्वतः विकली. त्यात किती जास्त मिळाले तो आकडा मला कोणी सांगितला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी इसार घेतलाच नाही.

सरकत्या बटणांचे फोन पुढे मागे पडले. ज्या प्रणालीवर नोकियाचे हे फोन चालत, तिच्यावरचे व्हॉट्सॲप ३० जून २०१७ ला बंद झाले. ब्लॅकबेरीने बटणांचा हट्ट अधिक दिवस धरला, पण तिच्या जुन्या फोनांच्या सेवाही ४ जानेवारी २०२२ ला थांबल्या. काचेच्या फोनाचे बळ पुष्कळांना त्याच्या चकचकीतपणात दिसते; मला ते छापील अक्षर नसण्यात दिसते. काचेवर आत्ता इंग्रजी, घटकेत मराठी. कारखान्यात बसून तुमची भाषा कोणी ठरवीत नाही.

वहिनी आता काचेवरच लिहितात. बोलूनही लिहवितात, मात्र त्यांच्या ‘मले’चे तो ‘मला’ करून टाकतो, याचा त्यांना राग आहे. आणि कणीक मळता मळता व्यापाऱ्याचा निरोप आला, की ओल्या बोटाला काच दाद देत नाही. नागरी अक्षरांची सरकती बटणे घालून कोणी फोन काढणार असेल, तर पहिले गिऱ्हाईक सोनाळ्यात आहे. मोटर चालू आहे, पैशांची अडचण नाही.