पैल्यांदाच आलायस व्हय?

जोतिबाचे खेटे माहितीयेत ना? नसतील तर सांगतो. माहीत नसलेल्याला आधी सांगावं, एवढाच तर आजच्या लेखाचा मुद्दा आहे :)

माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं पहाटे चालत जोतिबाला जातात, त्याला म्हणायचं खेटा. पंचगंगा घाटावरून निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखापाशी यायचं आणि तिथून वर वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायचा. असे सलग रविवार. असं सांगतात की राक्षसांचा संहार करून जोतिबा हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा त्याला थांबवायला स्वतः अंबाबाई चालत डोंगरावर गेली. तो पहिला खेटा.

गेल्या माघात मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो. सोबत ऑफिसातला एक मित्र, पक्का नागपूरचा. जोतिबा त्याला फक्त सिनेमातल्या गुलालामुळे माहीत. पहाटे चारला त्याला उठवलं, तेव्हा त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. असो.

वडणग्याच्या पुढे अंधारात मागून आरोळी आली, "जोतिबाच्या नावानं..." आणि पुढच्या-मागच्या पन्नासेक लोकांनी एकदम "चांगभलं!" केलं. हा गप्प. शेजारून एक आजी चालत होत्या. त्यांनी बरोबर ओळखलं.

"पैल्यांदाच आलायस व्हय रं बाळा?"

"हो आजी. चांगभलं म्हणजे काय?"

"चांगभलं म्हंजे समद्यांचं चांगलं हुंदे. आता म्हण की, लाजतोस काय!"

बस्स. दोन वाक्यं. पुढच्या आरोळीला आमचा नागपूरकर माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. कुणी त्याला ओळखपत्र विचारलं नाही, की 'आधीचे चार खेटे करून ये' म्हणालं नाही.

गायमुखाला चहा घेताना मला अवदसा आठवली. आम्ही तिघं मित्र एक पॉडकास्ट करतो, कोल्हापूरच्या फुटबॉलवर. मोठ्या अभिमानानं त्याच्या कानात इअरफोन घातला आणि ताजा भाग लावून दिला. चार मिनिटांत त्यानं एक कान मोकळा केला.

"अबे, हे तुमचं तुमचंच चालू आहे न बे! आणि हे पीटीएम काय आहे? पॅरेंट-टीचर मीटिंग?"

पीटीएम म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ! कोल्हापुरात पोरगं बोलायला लागतं तेव्हापासून त्याला हे माहीत असतं. पण नागपूरच्या माणसाला का माहीत असावं? आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आणि पेठांचे असतात, तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्षा आहे, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की निम्मं शहर कामधाम सोडून तिथं जातं, यातलं एक अक्षरही आम्ही त्या भागात सांगितलं नव्हतं. पहिली तीन मिनिटं आम्ही काय केलं होतं? मागच्या भागात एकानं केलेल्या चुकीवर हसलो होतो. आणि तो मागचा भाग नेमका कशाबद्दल होता, हेही सांगितलं नव्हतं!

राग त्याचा यायला हवा होता, आला माझा मलाच.

परत आल्यावर मी आमच्या टोळीत हा विषय काढला आणि जुंपली. माझ्या पार्टनरचं म्हणणं असं की जुना श्रोता हाच खरा श्रोता. नव्यांसाठी दर वेळी 'तालीम म्हणजे काय' सांगत बसलो तर जुने कंटाळून जातील. आणि थोडं न कळणंही चांगलं असतं, त्यानं माणूस ओढला जातो. ज्याला यायचंय तो येतोच!

हेच युक्तिवाद मी बऱ्याच मराठी पॉडकास्टवाल्यांकडून ऐकलेत, म्हणून जरा सविस्तर भांडतो.

पहिला मुद्दा, 'ज्याला यायचंय तो येतोच'. साफ खोटं. आपण सगळे कधी ना कधी नव्या कंपनीत रुजू झालोय. पहिल्या दिवशी कोड उघडला की व्हेरिएबलचं नाव 'टेम्प२', कॉमेंट एकही नाही, आणि विचारलं की उत्तर काय? "टीममध्ये सगळ्यांना माहितीये." त्या 'सगळ्यांना'ला आपण मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते आठवा. नीट केटी मिळाली नाही म्हणून वर्षभर बोंबलणारे आपण, आणि माइकसमोर बसलो की तेच करतो. ऑफिसात निदान पगारासाठी झक मारत समजून घ्यावं लागतं. श्रोत्याला कसली सक्ती? त्याचं बोट पुढच्या पॉडकास्टवर जायला एक सेकंद लागतो.

दुसरा मुद्दा, 'जुने कंटाळतील'. त्या आजींनी किती खेटे केले असतील? पन्नास वर्षांचे तरी धरा. चांगभलंचा अर्थ सांगायला त्यांना पाच सेकंद लागली आणि त्यात त्यांचा काही खेटा बाटला नाही. उलट त्या खूश दिसल्या. आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला नीट सांगितलेली ऐकताना माणूस कंटाळत नाही, तो मान डोलावतो. कंटाळा येतो तो लांबणीचा. 'पीटीएम, म्हणजे आमच्या मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून बघा.

तिसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. जुन्या श्रोत्यांना मान नको का? हवा ना! पण मान आणि दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते बघायला जोतिबासारखी जागा नाही. आत्ताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेलं, म्हणजे परंपरेच्या बाबतीत आपल्या सत्त्याऐंशी भागांच्या पॉडकास्टपेक्षा अंमळ पुढेच :) चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या निघतात. उंचच्या उंच सजवलेला बांबू, तो तोलायला चारी बाजूंनी दोऱ्या धरलेली माणसं, अशा काठ्या यमाईच्या देवळाकडे जातात. त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान सातारा तालुक्यातल्या निनाम पाडळीचा. तिथे कुणी उपरा मध्ये घुसून 'मला पहिला नंबर द्या' म्हणू शकत नाही. पण त्याच वेळी, आयुष्यात पहिल्यांदा आलेला माणूस कडेला उभा राहून काठीवर गुलाल-खोबरं उधळू शकतो, आणि उडालेला गुलाल मानकऱ्यावर आणि त्याच्यावर सारखाच पडतो. मान जुन्यांचा शाबूत आहे, दारही सताड उघडं आहे. दोन्हींत भांडण आहे हे आपण आपल्या आळशीपणापायी ठरवलंय.

बरं, ही काही परदेशातून आलेली नवी अक्कल नाही. रेडिओवाल्यांना हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक गीत असं वर्षभर, एकूण ५६ गीतं. आजच्या भाषेत एक सीझनच की! आता तुम्ही म्हणाल, रामायणाची गोष्ट सगळ्यांना माहीतच होती. बरोबर, म्हणजे कुणालाही काही समजावून न सांगण्याची सगळ्यात मोठी सबब त्यांच्याकडे होती. तरीही त्यातलं कुठलंही गीत उचला. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या प्रसंगी, हे त्या गीतातच कळतं. आधीची वीस गीतं चुकली तरी एकविसावं उपरं वाटत नाही. आणि आमच्याकडे कुणालाच माहीत नसलेली मॅच असून आम्ही 'तो परवाचा किस्सा' म्हणून मोकळे!

चौथा मुद्दा उलट्या बाजूनं आला. टोळीतला तिसरा म्हणाला, मग भाषाच शुद्ध करू, 'ईर्षा', 'व्हय', 'लेका' सगळं काढून टाकू, म्हणजे पुण्या-नागपूरला कळेल. याला माझा तितकाच कडक विरोध आहे. पाहुणा येणार म्हणून घर आवरावं, घरच बदलू नये. आजींनी 'हुंदे'चं 'होवो' केलं नाही, तरी नागपूरकराला कळलं. ईर्षा हा शब्द ठेवा, आणि पहिल्यांदा आला की सांगा, बाबा रे, आमच्याकडे ईर्षा म्हणजे नुसता मत्सर नव्हे, पेठेच्या इभ्रतीसाठी जीव टाकून खेळणं. ऐकणाऱ्याला एक शब्द बक्षीस मिळतो. तीच गोष्ट इंग्रजीची. 'हाय प्रेस'वर अर्धा तास बोलणार असाल तर तेही एका वाक्यात सांगा.

पण दार फक्त शब्दांचं नसतं, तांत्रिकही असतं, आणि तिथे तर आपण इंजिनिअर लोक तोंड दाखवायच्या लायकीचे नाही. अ‍ॅपलनं २०१७ साली फीडमध्ये सोय करून दिली. तुमचे भाग सुटे असतील तर 'एपिसोडिक', क्रमानं ऐकायचे असतील तर 'सिरियल'. सुट्यांमध्ये नवा भाग आधी दिसतो, मालिकेत पहिला आधी. ओळखीचा छोटा भाग 'ट्रेलर' म्हणून वेगळा ठेवता येतो. एका टॅगचं काम! आम्ही एका गाजलेल्या स्पर्धेचा इतिहास पाच भागांत केला आणि तो सुट्यांच्या ढिगात टाकला. नवा माणूस सरळ पाचव्यावर पडणार आणि फायनलचा निकाल आधी ऐकणार. शाब्बास आम्ही! आवाजाचंही तेच. अ‍ॅपल उणे १६ एलकेएफएसच्या आसपास पातळी ठेवा म्हणतं. आमच्यात एक कुजबुजतो आणि दुसरा ओरडतो. एसटीत बसून ऐकणाऱ्यानं करायचं काय?

आणि आता जे मला खरंच लागलं ते. पार्टनरच्या धाकट्या भावाला खूप कमी ऐकू येतं. शाहू स्टेडियमवर एक मॅच चुकवत नाही, प्रत्येक खेळाडूची कुंडली तोंडपाठ. त्याच्याइतका जुना आणि खरा प्रेक्षक आमच्यात कुणी नाही. सत्त्याऐंशी भागांत आम्ही त्याच्यासाठी एक ओळ लिहून ठेवली नव्हती. अ‍ॅपलनं मार्च २०२४ मध्ये आपोआप लिखित मजकूर द्यायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये. मराठीचं आपल्यालाच बघायला हवं होतं. तासाभराच्या गप्पा म्हणजे सात-आठ हजार शब्द. तिघांत वाटले तर एका रविवारचं काम. मी हे बोललो तेव्हा पार्टनर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यानं कधी मागितलंच नाही रे."

तेच तर! दाराबाहेरचा माणूस मागत नाही. तो आला होता हेसुद्धा आपल्याला कळत नाही. आपल्याला फक्त आत बसलेल्यांची दाद ऐकू येते, आणि ती ऐकून आपल्याला वाटतं, सगळं बेस चाललंय.

थोडक्यात, आम्ही आता असं ठरवलंय. पहिल्या अर्ध्या मिनिटात आम्ही कोण, विषय काय, आज काय. आतला विनोद आला की एका वाक्यात त्याचा संदर्भ, नाहीतर तो विनोद कापायचा. नावाआधी ओळख. 'भाग ८७' असलं शीर्षक बंद, आत काय आहे ते लिहायचं. नव्यांसाठी पाच मिनिटांचा ट्रेलर. आणि दर भागाचा मजकूर. पार्टनर अजून कुरकुरतोय, पण पहिल्या भागाचा मजकूर त्यानंच टाइप केला. भावानं त्यात तीन खेळाडूंची नावं आणि एका गोलचं मिनिट दुरुस्त करून दिलं!

परवा नागपूरकराला नवा भाग पाठवला. रात्री अकराला फोन, "अबे, तो दुसरा गोल ऑफसाइड होता, तुम्ही काहीही सांगता!"

अर्धा तास भांडलो. ऑफसाइड नव्हताच मुळी.

चांगभलं!