फणसपोळीचा हिशेब

बदलीच्या निमित्ताने चेन्नईस येऊन मला आता चौथे वर्ष लागले आहे. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई रत्नागिरीहून राहावयास आल्या, त्या फणसपोळीचा बेत मनाशी ठरवूनच. कोकणात हा पदार्थ पावसाशी शर्यत लावून करावा लागतो. मृग लागला की ऊन संपले. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. कडलूर जिल्ह्यातील पनरुटीचे फणस बाजारात असतात, तेव्हा जूनमध्येही गच्चीवर कडक ऊन असते. हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो मरीनाचा समुद्र पाहूनही झाला नव्हता!

फणसपोळीस बरकाच फणस हवा. काप्याच्या घट्ट गऱ्यांचा रस निघत नाही. फळवाल्यास हा भेद समजावण्यासाठी शेजारच्या मामींना बरोबर न्यावे लागले. गऱ्यांतील आठळ्या काढून, गर चाळणीवर घासून रस गाळायचा, बेताची साखर घालायची, तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरायचा आणि तीन-चार दिवस वाळवायचा. मामींचे वडाम आणि आमची ताटे गच्चीवर शेजारी शेजारी होती. राखण अर्थातच सामाईक.

पोळी चाखल्यावर मामींनी आपल्या मुलींसाठी दोन किलोंची मागणी नोंदवली आणि किंमत विचारली. सासूबाई म्हणाल्या, "फणसाचे आणि साखरेचे तेवढे द्या. बाकी काय, घरचेच तर आहे."

माझा आक्षेप आहे तो या 'बाकी काय'ला. दहा किलोंच्या फणसातून तीनेक किलो गरे निघतात आणि वाळून हाती येते ती जेमतेम किलोभर पोळी. त्यासाठी दोघींचा अर्धा दिवस चिकाने माखलेल्या हातांनी जातो, आणि पुढचे चार दिवस कावळ्यांवर लक्ष ठेवण्यात. एम.कॉम.ला परिव्यय लेखांकन शिकताना प्रत्यक्ष मजुरीचा रकाना आम्ही कधी रिकामा सोडला नाही. येथे तो भरला, तेव्हा साध्या घरकामाच्या दरानेही किंमत दुपटीहून अधिक झाली.

हा रकाना आपण ग्राहक म्हणूनही रिकामा ठेवतो. बचत गटाच्या प्रदर्शनात आंबापोळीसाठी मी स्वतः दहा-वीस रुपयांची घासाघीस केली आहे. चॉकलेटच्या डब्यावरील छापील किंमत मात्र निमूटपणे मोजते. बँकेच्या टेबलाशी तर ही चूक अधिक महागात पडते. मुद्रा योजनेत 'शिशु' गटातील ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय दिले जाते. म्हणजे आपल्यासमोर आधार असतो तो अर्जदार भगिनीच्या हिशेबाचाच. त्यात दिसणारा नफा पुष्कळदा तिची न घेतलेली मजुरी असते. ती आजारी पडली, मदतीस बाई ठेवावी लागली, की नफा नाहीसा होतो आणि हप्ता थकतो. मग दोष तिच्या व्यवसायास दिला जातो. "तुमच्या जागी दुसरीला कामास लावले तर तिला किती द्याल?" एवढा एक प्रश्न आपण अधिकाऱ्यांनी अर्ज भरून घेतानाच विचारावयास हवा.

माझा कागद पाहून सासूबाई जरा रागावल्याच. "मग नातवंडांनाही बिल लावू का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रेमाने दिलेल्या खाऊला रकाने नसतात, हे मलाही मान्य आहे. पण मामी विकतच मागत होत्या आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही होते.

अखेर पैशांबरोबर मामी पळनीच्या पंचामृताचा डबा घेऊन आल्या. केळी, गूळ, मध आणि तूप यांच्या, पाण्याचा थेंबही न घालता केलेल्या या प्रसादास २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सासूबाईंनी डबा घेतला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि मग पैसेही मोजून घेतले. संध्याकाळी मात्र मामींच्या रिकाम्या डब्यातून पाव किलो फणसपोळी परत गेली, ती कोणत्याही रकान्यात न बसणारी.