‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ची धास्ती कशाला?

कांद्याच्या लिलावाचा दिवस असला की नेप्तीच्या उपबाजारात सकाळीच गाड्यांची रीघ लागते. ‘पिकअप सांगून ठेवली का?’ असं पारनेरचा शेतकरी शेजाऱ्याला विचारतो, तेव्हा आपण इंग्रजी बोलतोय हे त्याच्या मनातही येत नाही. दवाखान्यात चेकअप, अकरावीच्या प्रवेशाला कटऑफ, अर्ज भरताना लॉगिन, फोन लागला नाही की स्विच ऑफ. नगर जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवरही हे शब्द कधीच रुळले आहेत. साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला अप, ऑफ, इन, आउट असा एखादा छोटा शब्द मिळून नवा अर्थ तयार होतो, त्याला इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे सगळे शब्द त्याच घराण्यातले. पण वहीत ‘फ्रेझल व्हर्ब’ असा मथळा दिसला, की स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली पोरं हबकतात.

सावेडीतल्या अभ्यासिकांमध्ये या मुलांशी माझं नेहमी बोलणं होतं. त्यांच्याकडे शेकडो जोड्यांच्या याद्या असतात. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. रात्री घोकलेलं सकाळी एकमेकांत मिसळून जातं. मग ‘आपलं इंग्रजीच कच्चं’ असं म्हणून पोरगं गप्प बसतं. या मुलांना मला ठामपणे सांगायचंय, की खोट तुमच्यात नाही, शिकण्याच्या रीतीत आहे. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ मध्ये आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की परकीयांना सगळ्यात जास्त अडचण येते ती याच क्रियापदांची.

इंग्रजीत एकाच कामासाठी बरेचदा दोन शब्द असतात. पोस्टपोन, एक्स्टिंग्विश, टॉलरेट हे लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द पुस्तकात आणि कचेरीत चालतात. घरात, कामावर, फोनवर माणसं पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ असंच बोलतात. आपण मुलांना पहिला थर मन लावून शिकवला आणि दुसरा यादीत कोंबला. त्यामुळे अकोल्याची एखादी मुलगी बिनचूक अर्ज लिहिते, पण मुलाखतीत समोरचा ‘फिल मी इन’ म्हणाला की अडखळते. त्याला फक्त ‘मला जरा सगळं सांगा’ एवढंच म्हणायचं असतं.

खरं तर मराठी माणसाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. करून टाक, करून घे, करून ठेव, करून बघ, करून बसला, या पाचांतही ‘करणे’च आहे, पण दुसरं क्रियापद जोडलं की बोलण्याचा रोख बदलतो. ‘देऊन टाकलं’ म्हटल्यावर मनातली निरवानिरव कळते, ‘देऊन बसलो’ म्हटल्यावर पश्चात्ताप. मराठी शिकणारा परका माणूस इथेच चाचपडतो. आपल्याला मात्र हे कुणी यादी देऊन शिकवलं नाही. चुलीपुढे, बांधावर, भांडणात कानावर पडत गेलं आणि तोंडात बसलं.

इंग्रजीतही तोच रस्ता धरायचा. आधी छोट्या शब्दाचा स्वभाव ओळखायचा. ‘अप’ बरेचदा काम पुरं झाल्याचं सांगतो. युज अप म्हणजे वापरून संपवणे, क्लीन अप म्हणजे सगळं आवरून स्वच्छ करणे. ‘ऑफ’मध्ये सुटणं, तुटणं असतं, जसं कट ऑफ, टेक ऑफ, सेट ऑफ. सगळ्याच जोड्या अशा उलगडत नाहीत. टर्न डाउन म्हणजे नाकारणे, हे सरळ ध्यानातच ठेवावं लागतं. पण निम्मं ओझं तरी उतरतं.

दुसरी गोष्ट, शब्दांची जागा. ‘टर्न ऑफ द मोटर’ चालतं, ‘टर्न द मोटर ऑफ’ही चालतं. पण मोटरच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं. ‘टर्न इट ऑफ’ म्हणायचं, ‘टर्न ऑफ इट’ नाही. आणि बोलताना जोर ‘ऑफ’वर द्यायचा. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हिम’ असंच राहतं. हे नियम पाठ करत बसण्यापेक्षा मोठ्यानं म्हणून पाहिले, तर जिभेला लवकर कळतात.

म्हणून मी मुलांना रोज रात्री आपलाच दिवस मोठ्यानं सांगायला लावतो. राहुरीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलानं असा सांगितला: आय गॉट अप ॲट फाइव्ह. आय टर्न्ड ऑन द मोटर. द पॉवर वेंट ऑफ. इट केम बॅक ॲट एट. आय फिल्ड अप द टँक अँड टर्न्ड द मोटर ऑफ. एवढ्याशा हकिकतीत सहा जोड्या आल्या. त्या त्याच्या विहिरीवरच्या होत्या, त्यामुळे विसरायचा प्रश्नच उरला नाही.

काही सवयी मात्र सोडाव्या लागतील. ‘कोप अप विथ’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्यातला ‘अप’ जादा आहे, नुसतं ‘कोप विथ’ म्हणायचं. तसंच ‘मी गेल्या वर्षी पास आउट झालो’. नगर हे लष्कराचं गाव, इथल्या प्रशिक्षण केंद्रांमुळे पासिंग आउट परेड आपल्या ओळखीची. पण परदेशी माणसाला ‘पास आउट’ म्हटलं की आधी बेशुद्ध पडणं आठवतं. मुलाखतीत ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणावं.

या शहराला भाषा शिकण्या-शिकवण्याची जुनी परंपरा आहे. अमेरिकेहून आलेल्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. मुलींसाठीच्या त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमध्येच सुरू झालं. पुढे २००० साली राज्यानं पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शेतकऱ्या-मजुरांच्या लेकरांनाही ते मिळालं. हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं. आता ते इंग्रजी त्यांच्या तोंडी यायला हवं.

त्यासाठी जादा तास नको, नवं पुस्तकही नको. कम इन, सिट डाउन हे पोरांना येतंच. त्यापुढे बाईंनी आणि गुरुजींनी वर्गातल्या रोजच्या सूचना इंग्रजीत द्याव्यात. टेक आउट युवर नोटबुक्स, राइट इट डाउन, रब इट आउट, हँड इट इन, पुट इट अवे. महिनाभरानं सूचना द्यायचं काम पोरांकडे सोपवावं. आणि वार्षिक परीक्षेत थोडे का होईना, बोलण्याला गुण ठेवावेत. पोरं गुण असतील तिकडे लक्ष देतात आणि पालकही. बोलण्याला गुण मिळायला लागले, की याद्या आपोआप मागे पडतील आणि चौथीतलं पोरही न अडखळता सांगेल, ‘आय वोन्ट गिव्ह अप.’