न बोलण्याचें दुखणें

या सदरांत आजवर आम्ही आहार, दिनचर्या, मुलांचें पाठांतर अशा निर्वेध विषयांवर लिहीत आलों. आजचा विषय तसा नाहीं. एखाद्या घरीं हा अंक मुलांच्या हातून काढून घेतला जाईल, हेंही आम्ही जाणतों. परंतु ज्याच्या सांगण्यावरून लिहीत आहों त्याला आम्हीं शब्द दिला आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी, आतां पन्नाशीच्या पुढें गेलेला, गेल्या महिन्यांत भेटीस आला. दोन वर्षांपूर्वीं असाच आला असतां ‘मास्तर, शौचाच्या वेळीं रक्त पडतें’ एवढें बोलून तो थांबला होता. आम्हीं लागलीच ‘मूळव्याध असेल’ असा निर्णय दिला. सुरण, ताक आणि रात्रीं इसबगोल हा आमच्या घरचा तोडगा सांगितला, आणि विषय पालटला. तो थोडा वेळ बसून राहिला व उठून गेला. या खेपेस कळलें कीं, त्या दिवशीं त्याला आणखी एक गोष्ट सांगावयाची होती. पंधरा वर्षांपासून त्याच्या रक्तांत एच्.आय्.व्ही. आहे. पुढें आठ महिन्यांनीं निदान झालें तें मूळव्याधीचें नव्हे, गुदद्वाराच्या कर्करोगाचें. मधल्या काळांत एका दवाखान्यानेंही त्यास न तपासतांच मलम देऊन परत धाडलें होतें. तेथील वैद्याचा दोष आमच्याहून मोठा, असें म्हणून सुटतां येईल. पण तसें सुटावेंसें वाटत नाहीं.

एच्.आय्.व्ही. आपल्या देशांत प्रथम आढळला तो १९८६ सालीं, मद्रासेंत. त्या काळीं या रोगाचें नांव म्हणजे मृत्यूचीच वार्ता असे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून औषधें विनामूल्य मिळूं लागलीं, आणि नियमानें औषध घेणारा मनुष्य आज इतरांसारखाच संसार करतो, म्हातारा होतो. परंतु आयुष्य वाढलें म्हणजे सावकाश वाढणाऱ्या रोगांसही अवसर मिळतो. त्यांपैकींच हा एक.

याचें मूळ एच्.पी.व्ही. नांवाच्या दुसऱ्याच विषाणूंत आहे. स्त्रियांस गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो तो याच विषाणूनें, हें हाराल्ट त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें व त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. निरोगी शरीर बहुधा या विषाणूस वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावतें. ज्याची प्रतिकारशक्ति एच्.आय्.व्ही.नें खालावली आहे त्याच्या शरीरांत तो ठाण मांडून बसतो. आंतड्याचें मृदु अस्तर व बाहेरची त्वचा यांचा जेथें संधि होतो तेथील पेशी हळूहळू बिघडतात. पुरुषांशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत हा रोग अधिक आढळतो हें खरें. पण हा विषाणु निकट स्पर्शानेंही पसरतो, आणि एच्.आय्.व्ही. असलेल्या स्त्रियांस व इतर पुरुषांसही हा रोग होतो. तेव्हां रोगावरून कोणाच्या आचरणाचें पंचांग मांडूं नये.

बिघडलेल्या पेशींचा कर्करोग सर्वांनाच होतो असें नाहीं. कित्येकांच्या त्या आपोआप पूर्ववत् होतात. मग आधींच शोधून त्या जाळून टाकण्यांत कांहीं हित आहे काय, हा प्रश्न फार दिवस अनिर्णीत होता. अमेरिकेंत डॉक्टर जोएल पालेफ्स्की यांच्या पुढाकारानें २०१४ सालीं ‘अँकर’ नांवाचा प्रयोग सुरू झाला. एच्.आय्.व्ही. असलेल्या, पस्तीस वर्षें व त्यापुढील दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची तपासणी झाली, तों निम्म्याहून अधिकांत असा गंभीर बिघाड निघाला. त्यांपैकीं ४,४५९ जणांचे दोन गट केले. एका गटावर लागलीच उपचार, दुसऱ्यावर केवळ बारीक नजर. पहिल्यांत नऊ जणांस कर्करोग झाला, दुसऱ्यांत एकवीस. उपचारानें धोका शेंकडा ५७ नें घटला. हा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०२४ सालीं त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें नियम घालून दिले: एच्.आय्.व्ही. असलेल्या व पुरुषांशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनीं, तसेंच तृतीयपंथी स्त्रियांनीं पस्तिसाव्या वर्षापासून, एच्.आय्.व्ही. असलेल्या इतर सर्वांनीं पंचेचाळिसाव्यापासून तपासणी करावी.

तपासणी भयंकर नाहीं. ओलसर बोळ्यानें पेशी टिपून घेतात. डॉक्टर हातमोजा घालून बोटानें चांचपून पाहतात. शंका आल्यास लहान नळी घालून सौम्य सिरकाम्ल, म्हणजे व्हिनेगरांतलें आम्ल, लावतात व मोठें दिसणाऱ्या भिंगांतून पाहतात. बिघडलेली जागा पांढुरकी होते. याच आम्लाच्या साह्यानें मुंबईच्या टाटा रुग्णालयानें झोंपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून एका गटांतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची परीक्षा केली, आणि त्या गटांत त्या कर्करोगानें होणारे मृत्यु शेंकडा ३१ नें कमी झाल्याचें २०१४ सालीं दाखवून दिलें. भिंगाच्या तपासणीस मात्र हात सरावावा लागतो, व असे हात थोडे. जेथें तें साधन नाहीं तेथें वर्षांतून एकदां लक्षणांची विचारपूस व बोटानें परीक्षा, एवढें तरी व्हावें असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. त्यास लागतो तो एक हातमोजा.

येथें आम्हांस सुश्रुताची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. अर्शाच्या चिकित्सेंत त्यानें गाईच्या सडाच्या आकाराचें यंत्र वर्णिलें आहे: चार अंगुळें लांब, धातूचें, दांताचें, शिंगाचें किंवा लांकडाचें, पाहण्याकरितां दोन छिद्रांचें, कर्माकरितां एका छिद्राचें. पुरुषांचें घेराला किती व स्त्रियांचें किती, हेंही सांगावयास तो विसरला नाहीं. आम्हीं हें प्रकरण तरुणपणीं शास्त्रीबोवांजवळ वाचलें होतें, अर्थ लावला होता, आणि तरीही ओटीवर समोर बसलेल्या मुलाला ‘डॉक्टरला दाखवलेंस काय’ एवढें विचारलें नाहीं.

रोग झालाच तरी निराश होण्याचें कारण नाहीं. पूर्वीं तो सगळा भाग काढून पोटावर शौचाची वाट करून देत. डेट्रॉइटच्या डॉक्टर नॉर्मन नायग्रो यांनीं १९७४ सालीं औषध व किरणोपचार यांचा संयोग पुढें आणला, तेव्हांपासून बहुतेकांचें तें अवयवच्छेदन टळतें. आमच्या विद्यार्थ्याचेंही टळलें. सहा आठवडे तो रोज लोकलनें जाऊन किरण घेऊन आला. शेवटच्या पंधरवड्यांत बसवत नव्हतें म्हणून उभ्यानें. घरीं ‘मूळव्याधीवर उपचार चालू आहेत’ असेंच सांगितलें होतें. २०१७ च्या कायद्यानें एच्.आय्.व्ही.ची गोष्ट रुग्णाच्या संमतीवांचून कोणास उघड करतां येत नाहीं, आणि त्याच्या संमतीनेंच, नांवगांव गाळून, आम्ही हें लिहीत आहों.

‘तुमच्या मासिकांत लिहा, मास्तर. आमच्यासारख्या घरांत तेवढेंच वाचतात,’ असें तो म्हणाला. त्याची पुढची तपासणी येत्या बुधवारीं आहे. सोबत कोण, असें आम्हीं विचारलें. कोणी नाहीं, असें कळलें. सकाळची गाडी सात वाजून दहा मिनिटांची आहे. आम्ही स्टेशनावर पावणेसातला भेटावयाचें ठरविलें आहे.